निगेटिव्ह मार्किंगचा हिशेब: कोणता प्रश्न सोडवायचा, कोणता सोडायचा

पेपर संपायला पंधरा मिनिटे उरलेली असतात. शंभरपैकी चौसष्ट गोल काळे झालेले, छत्तीस रिकामे. त्या छत्तीसांतल्या अर्ध्या प्रश्नांत दोन पर्याय बाद झालेले असतात आणि उरलेल्या दोघांत मन घुटमळत असते. अशा वेळी डोक्यात एकच वाक्य फिरते : 'निगेटिव्ह आहे, तुक्के मारू नकोस.'

हे वाक्य मीही प्रमाण मानले होते. एका पूर्व परीक्षेत, जिथे चुकीला एक तृतीयांश कपात होती, दोन पर्यायांवर अडलेले अठरा प्रश्न मी तसेच कोरे ठेवले. घरी येऊन उत्तरतालिका लावली, तर त्यातल्या अकरा प्रश्नांत मनाचा कौल बरोबर होता. दोन-दोन गुणांचे ते प्रश्न होते. अकरा बरोबर आणि सात चूक धरले तरी सतरा गुण हातात आले असते. ते चुकीच्या उत्तरांनी गेले नाहीत, कोऱ्या गोलांनी गेले. तेव्हापासून मी हा विषय भीतीने बघायचे सोडले आणि आकड्याने बघायला लागलो. पुढे जे लिहिले आहे ते त्याच हिशेबातून आले आहे.

आधी नियम नीट वाचा, कारण 'पाव' सगळीकडे सारखा नसतो

एमपीएससीच्या राज्यसेवा पूर्व परीक्षेच्या पहिल्या पेपरात १०० प्रश्न, २०० गुण आणि दोन तास असतात. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांच्या २५ टक्के, म्हणजे अर्धा गुण वजा होतो. यूपीएससीच्या पूर्व परीक्षेतही पहिला पेपर १०० प्रश्नांचा आणि २०० गुणांचाच, पण तिथे एक तृतीयांश, म्हणजे प्रत्येक चुकीला ०.६६ गुण जातात. एसएससी सीजीएलच्या पहिल्या टप्प्यात दोन गुणांच्या प्रश्नाला अर्धा गुण, रेल्वेच्या एनटीपीसीला एक तृतीयांश, नीटला बरोबर उत्तराचे चार आणि चुकीचा एक वजा. आयबीपीएसच्या बँक परीक्षांतही पाव गुणच कापतात.

इथे थांबून पर्याय मोजा. बँकेच्या प्रश्नाला पाच पर्याय असतात, राज्यसेवेच्या प्रश्नाला चार. पाच पर्यायांत डोळे मिटून मारलेला तुक्का पाचातून एकदा लागतो. एका बरोबर उत्तराचा एक गुण, चार चुकांचे चार पाव, बेरीज शून्य. चार पर्यायांत तोच तुक्का चारातून एकदा लागतो, म्हणजे तीनच चुकांचे तीन पाव जातात आणि पाव गुण शिल्लक राहतो. म्हणून बँकेचा पाव आणि राज्यसेवेचा पाव हे दोन वेगळे नियम समजा. यूपीएससीचा एक तृतीयांशही असाच बेतलेला आहे: चार पर्याय, तीन चुका, प्रत्येकी एक तृतीयांश, बेरीज पुन्हा शून्य. आंधळ्या तुक्क्याने ना फायदा व्हावा ना तोटा, एवढाच त्या अपूर्णांकाचा हेतू. तो उमेदवाराला शिक्षा करायला ठेवलेला नाही.

एमएचटी-सीईटी आणि महाराष्ट्र टीईटी या परीक्षांत चुकीला गुण कापत नाहीत. तिथे एकही उत्तर रिकामे ठेवणे म्हणजे हातचे गुण सोडणे. बारावीची मुले काही आठवड्यांच्या अंतराने सीईटी आणि नीट देतात, आणि एका पेपरची सवय दुसऱ्यात घेऊन जातात. नीटमध्ये जपून खेळलेला मुलगा सीईटीतही प्रश्न सोडून येतो, याची मला फार हळहळ वाटते. जेईई मेनच्या संख्यात्मक उत्तरांच्या प्रश्नांत पर्यायच नसतात आणि आता तिथेही चुकीला एक गुण जातो, म्हणजे तिथला अंदाज हा निव्वळ तोटा. गेटमध्ये मात्र संख्यात्मक उत्तराला कपात नसते. नियम बदलत राहतात. ज्या वर्षी परीक्षा देताय त्याच वर्षीची जाहिरात आणि प्रश्नपुस्तिकेच्या मुखपृष्ठावरच्या सूचना वाचा, मागच्या वर्षी दिलेल्या मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका.

एमपीएससीच्या नियमातली आणखी एक गोष्ट: एका प्रश्नाला दोन गोल काळे केलेत तर ते उत्तर चुकीचे धरून गुण वजा होतात. दोन्ही पर्याय रंगवून 'कोरा' ठेवल्यासारखे होत नाही.

उंबरठा काढा

प्रत्येक परीक्षेचा एक उंबरठा असतो. तुमचे उत्तर बरोबर येण्याची शक्यता त्याच्या वर असेल तर सोडवणे फायद्याचे, खाली असेल तर सोडणे. तो काढायला कपातीच्या अपूर्णांकाला 'एक अधिक तोच अपूर्णांक' याने भागा. पाव कपात असेल तर ०.२५ भागिले १.२५, म्हणजे २० टक्के. एक तृतीयांश असेल तर २५ टक्के.

आता दोन गुणांच्या, चार पर्यायांच्या प्रश्नावर हे लावून बघू. काहीच माहीत नाही आणि चारही पर्याय उभे आहेत, तर पाव कपातीत प्रत्येक प्रश्नामागे सरासरी ०.१२५ गुण मिळतो आणि एक तृतीयांश कपातीत शून्य. एक पर्याय खात्रीने बाद झाला की हेच आकडे ०.३३ आणि ०.२२ होतात. दोन बाद झाले की ०.७५ आणि ०.६७. म्हणजे दोन पर्यायांवर अडलेले वीस प्रश्न पाव कपातीत सरासरी १५ गुण देतात. जिथे अर्ध्या-एका गुणाने यादीत नाव येते किंवा जाते, तिथे १५ गुण कोरे सोडणे परवडत नाही.

सरासरी म्हणजे हमी नव्हे, हे खरे. म्हणून नशीब उलटले तर काय, तेही मोजू. पाव कपातीच्या पेपरात वीस प्रश्न पूर्ण आंधळेपणाने मारलेत तर सरासरी अडीच गुण मिळतात, पण चारपेक्षा कमी बरोबर आले तर तोटा होतो आणि तसे होण्याची शक्यता २२ ते २३ टक्के आहे. एक तृतीयांश कपातीत तेच वीस तुक्के ४१ टक्के वेळा तोट्यात जातात, आणि सरासरी फायदा शून्य. पण तेच वीस प्रश्न दोन पर्यायांवर आणलेले असतील, तर पाव कपातीत तोटा होण्याची शक्यता हजारात एखाद-दुसऱ्या वेळची. एक तृतीयांश कपातीतही ती एका टक्क्याच्या आत राहते. आंधळा तुक्का आणि दोन पर्यायांवरचा अंदाज यांना आपण एकाच नावाने हाक मारतो, सगळा घोळ तिथून सुरू होतो.

पर्याय बाद करायचे म्हणजे काय

समजा प्रश्न असा आहे: पुढीलपैकी कोणत्या नद्या अरबी समुद्राला मिळतात? अ) तापी, ब) भीमा, क) उल्हास, ड) वैतरणा. पर्याय: १) अ, क, ड, २) अ, ब, क, ३) ब, क, ड, ४) वरील सर्व. उल्हास आणि वैतरणेबद्दल काहीच आठवत नसले तरी भीमा कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला, एवढे पक्के असले की पुरते. भीमा असलेले तीनही पर्याय गेले, उत्तर हातात आले. चार विधाने वाचताना जे सगळ्यात पक्के माहीत आहे तिथून सुरुवात करा. अ पासून क्रमाने जायचे बंधन कुणी घातलेले नाही.

हाच प्रश्न 'वरीलपैकी किती नद्या अरबी समुद्राला मिळतात' असा आला की चित्र पालटते. भीमा बाद झाली तरी उत्तर एक, दोन की तीन हे ठरत नाही. यूपीएससीने २०२३ च्या पूर्व परीक्षेत 'फक्त एक, फक्त दोन, सर्व तीन, एकही नाही' या धाटणीचे प्रश्न मोठ्या संख्येने विचारले, आणि पर्याय बाद करण्याच्या कौशल्यावर भिस्त ठेवणारे अनेक जण तिथे अडकले. या धाटणीत तीनपैकी दोन विधाने पक्की असतील तरच दोन पर्याय उरतात. एकच पक्के असेल तर तीन उरतात. अशा प्रश्नाला हात घालण्याआधी एवढे मनात मोजा.

फसवी जागा वेगळीच आहे. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत किती विषय आहेत? पर्याय १८, २२, २९, ३२. पंचायत राज वाचलेल्या प्रत्येकाच्या मनात १८ आणि २९ उरतात, कारण अकराव्या अनुसूचीत पंचायतींचे २९ विषय आहेत आणि बाराव्यात नगरपालिकांचे १८. वरवर बघता शक्यता पन्नास टक्के. पण आदल्या आठवड्यात बारावी अनुसूची वाचली असेल तर मन १८ कडे ओढते. प्रश्न काढणारा हे जाणून असतो, जोडीतला दुसरा आकडा तो मुद्दाम ठेवतो. त्यामुळे कागदावरची पन्नास टक्के शक्यता तुमच्या बाबतीत चाळीस असू शकते, तीसही असू शकते. ती किती आहे ते तुमच्या स्वतःच्या नोंदीतूनच कळेल, दुसरे कुणी सांगू शकणार नाही.

वही घाला: १, २, ३, ४

या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. सराव पेपर सोडवताना प्रत्येक प्रश्नापुढे, उत्तर देण्याच्या क्षणीच, एक आकडा लिहा: किती पर्याय उरले? पूर्ण खात्री असेल तर १, दोघांत अडलात तर २, एकच बाद झाला तर ३, काहीच सुचत नसेल तर ४. आणि सरावात चौथ्या गटासकट सगळे प्रश्न सोडवा. कोरा ठेवलेला प्रश्न तुमच्याबद्दल काही सांगत नाही.

पेपर तपासताना एकूण गुणांच्या आधी गटवार बेरीज करा: १ लिहिलेले किती, त्यातले बरोबर किती, मग २, मग ३, मग ४. असे निदान पाच-सहा पेपर झाल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. एका पेपरातल्या पंधरा प्रश्नांवरून काढलेली टक्केवारी नुसती हेलकावे खाते. मागील वर्षांचे आयोगाचे पेपर यासाठी सर्वात चांगले, कारण क्लासच्या टेस्ट सिरीजमधले चुकीचे पर्याय आयोगाच्या घडणीचे असतीलच असे नाही.

मग वही वाचा. गट २ मध्ये तुमची अचूकता पन्नासच्या आसपास असेल तर परीक्षेत हे सगळे प्रश्न सोडवायचे, वाद नाही. ती चाळीस असेल तर तुम्ही कधी कधी बरोबर पर्यायच बाद करून टाकताय. तरीही उंबरठा २० किंवा २५ आहे, म्हणजे सोडवणे अजूनही फायद्याचेच. गट ३ मध्ये पाव कपातीला तीसच्या वर आणि एक तृतीयांश कपातीला पस्तीसच्या वर असाल तर सोडवा. उंबरठ्यापेक्षा हे आकडे मी थोडे वर धरले आहेत, कारण हॉलमधला ताण घरच्या टेबलावर नसतो. गट ३ पंचवीसच्या खाली घसरत असेल तर तुमचा अर्धवट अभ्यास तुम्हाला सापळ्यात नेतोय, तिथे सोडून द्या. हेच विषयवारही करून बघा. इतिहासात ज्याचा गट २ साठ टक्के लागतो त्याचाच विज्ञानात पस्तीस लागू शकतो. अशा माणसाने पूर्ण पेपरासाठी एकच नियम लावणे चुकीचे.

आता गट १ कडे या, कारण सर्वात जास्त गुण इथे गळतात आणि कुणाचे लक्ष नसते. समजा खात्रीचे म्हणून ५५ प्रश्न सोडवले आणि त्यातले ७ चुकले. चुकलेल्या प्रश्नाने कोऱ्याच्या तुलनेत अर्धा गुण जातो, पण बरोबर उत्तराच्या तुलनेत अडीच गुण जातात: न मिळालेले दोन आणि कापलेला अर्धा. सात प्रश्नांचे साडेसतरा गुण झाले. वीस आंधळ्या तुक्क्यांचा सरासरी नफा अडीच गुण होता, हे आठवा. ज्या प्रश्नाचे उत्तर येत होते तो का चुकला, हे शोधण्यात घालवलेली संध्याकाळ म्हणूनच सर्वात मोलाची. बहुतेक वेळा कारण एकच सापडते: 'अयोग्य विधान ओळखा' मधला 'अ' डोळ्यांतून निसटलेला. 'अचूक नाही', 'विसंगत पर्याय', 'चुकीची जोडी' हे शब्द आले की पेन तिथे टेकवा, शब्द मनातल्या मनात उच्चारा, मगच पर्यायांकडे जा. पहिला पर्याय बरोबर वाटला म्हणून उरलेले तीन न वाचता पुढे जाणे, हे दुसरे कारण.

हॉलमधल्या तीन फेऱ्या

१२० मिनिटांत १०० प्रश्न म्हणजे प्रश्नाला ७२ सेकंद. पहिली फेरी साधारण ६५ ते ७० मिनिटांची, फक्त गट १ साठी. गट २ आणि ३ चे प्रश्न दिसले की त्यांचे क्रमांक दोन रांगांत टिपून पुढे जा. आयोगाच्या प्रश्नपुस्तिकेत कच्चे काम ठरवून दिलेल्या जागेतच करायचे असते, म्हणून त्या जागेतच छोटे आकडे लिहा. उत्तरपत्रिकेवर कसलीही खूण नको.

दुसऱ्या फेरीला ३५-४० मिनिटे, आधी २ ची रांग, मग ३ ची. पुढे वाचलेल्या एखाद्या प्रश्नाने मागच्याचे उत्तर आठवते, असे बरेचदा होते. या फेरीत प्रश्न पुन्हा वाचून नवे काही सुचले नाही तर मिनिटभराच्या वर थांबू नका. जो कौल आहे तो द्या आणि निघा. काळा केलेला गोल खोडता येत नाही, म्हणून मन पक्के करूनच पेन टेकवायचे.

तिसरी फेरी गट ४ ची, आणि ती परीक्षेवर अवलंबून. एक तृतीयांश कपात असेल तर मी ती करतच नाही. पाव कपातीत करायला हरकत नाही, पण त्यातून मिळणारे अडीच गुण वेळ उरला तरच घ्यायचे. सगळे तुक्के एकाच पर्यायाला लावले तर जास्त लागतात, हा समज खोटा आहे. सरासरी तीच राहते, फक्त विचारात जाणारा वेळ वाचतो.

'या वेळी मेरिट कितीला लागेल' हा अंदाज हॉलमध्ये बांधू नका. पेपर तुम्हाला अवघड गेला तेव्हा तो इतरांनाही अवघड गेलेला असतो. मनातल्या कट ऑफवरून किती प्रश्न सोडवायचे हे ठरवणारा माणूस आपली वही फेकून देऊन अफवेवर चालतो.

गोल दहा-दहा प्रश्नांच्या टप्प्याने काळे करा आणि प्रत्येक टप्प्याला प्रश्नक्रमांक जुळवा. एक प्रश्न सोडला आणि पुढची वीस उत्तरे एकेक घर वर सरकली, तर ४० गुणांच्या जागी सरासरी जेमतेम अडीच गुण मिळतात. कपात नसलेल्या परीक्षेत निदान दहा तरी मिळाले असते.

सीसॅटला उलटा हिशेब

पहिल्या पेपरात जास्तीत जास्त गुण हवे असतात, सीसॅटमध्ये, म्हणजे पूर्व परीक्षेच्या दुसऱ्या, फक्त पात्रतेपुरत्या पेपरात, ३३ टक्के पुरतात, म्हणजे २०० पैकी ६६. ८० प्रश्न, प्रत्येकी अडीच गुण, पाव कपातीत चुकीला ०.६२५. रेषा पार झाल्यावर मिळणाऱ्या जादा गुणांना काही किंमत नाही, आणि रेषेखाली राहिलात तर पहिल्या पेपरातले उत्तम गुणही वाया जातात.

समजा ३२ प्रश्न खात्रीने सोडवले आणि तुमची वही सांगते की त्यातले साधारण २९ बरोबर असतील. गुण झाले ७०.६२५. रेषेच्या वर, पण साडेचारच गुणांनी. आता गट २ चे दहा प्रश्न सोडवले तर सरासरी ९ गुणांची भर पडते, आणि नापास व्हायला दहाच्या दहा चुकावे लागतील. हे करा. पण त्याऐवजी तीस आंधळे तुक्के मारलेत, तर सरासरीने गुण वाढत असले तरी दहातून एकदा पास झालेला पेपर नापास होतो. तिथे पेन खाली ठेवायचे.

याच्या उलट स्थितीत नियमही उलटतो. उतारे लांबले, गणितात वेळ गेला आणि खात्रीचा आकडा ५५ च्याच आसपास थांबला, तर कोरे ठेवून पास होण्याची शक्यता शून्य आहे. तीस तुक्के मारून ती पाचात एकदा इतकी होते. अशा वेळी 'निगेटिव्ह आहे' म्हणून हात आखडणे म्हणजे ठरवून नापास होणे. उतारे मात्र आंधळेपणाने मारू नका. पाच प्रश्नांचा एक उतारा पूर्ण वाचून त्यातले चार बरोबर आणणे हे तीस तुक्क्यांपेक्षा केव्हाही स्वस्त पडते. राज्यसेवेच्या सीसॅटमध्ये निर्णयक्षमतेच्या प्रश्नांना नकारात्मक गुण लागू नसतात; सूचनेत ते वाचून खात्री करा आणि ते प्रश्न सगळे सोडवा. पेपर सुरू झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत ते कुठे आहेत ते बघून ठेवायचे, म्हणजे शेवटच्या घाईत राहून जात नाहीत.

परीक्षेच्या दोन आठवडे आधी वहीतून एका कार्डावर चार ओळी उतरवा: गट २ कोणत्या विषयात सोडवायचा, गट ३ कोणत्या विषयात सोडायचा, पहिली फेरी किती वाजता संपली पाहिजे, आणि तुमचा गट १ कोणत्या शब्दांवर घसरतो. हे कार्ड पुढच्या दोन सराव पेपरांत समोर ठेवून वापरा. सकाळच्या पेपरची वेळ असेल तर सकाळीच, घड्याळ लावून, छापील उत्तरपत्रिकेवर गोल काळे करत. तिसऱ्या पेपरला कार्ड न बघता त्या ओळी पाळता आल्या, की ते घरी ठेवून हॉलमध्ये जायला तुम्ही तयार.